ग्राही

प्रेस्टनच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर एंटविसल वाक्य अर्ध्यावर सोडून
माझ्याकडे बघतात,
वीट पुढे करून गवंड्यानं थांबावं तसे.
रिसेप्टर.
आता हा शब्द माझ्या हातात.

शब्दकोशात ग्राही आहे.
पण ग्राही म्हटलं तर इब्राहिमचाचा
गिऱ्हाईक समजतील.
ब्लॅकबर्नच्या गिरणीत अठरा वर्षं रात्रपाळी,
ती बंद पडल्यावर मार्केटात मासळीचा गाळा,
बर्फात हात घालून घालून बोटं अजून तांबडी.
तसं ते चुकीचंही नाही म्हणा.
पेशीच्या दारात ताटकळणारं गिऱ्हाईकच ते,
मोल न देणारं.

मी म्हणते, कान.
चाचा, पेशींना कान असतात.
एक दुसरीच्या कानाला लागते
आणि तुम्हाला आठवतं, गॅस बंद करायचा राहिला.
तुमच्या डोक्यातल्या गाठीनं
तसलेच कान काढलेत.
मेंदूचं आपसातलं बोलणं
ती चोरून ऐकते,
पिते,
आणि वाढते.

"कानानं कुणी पितं काय गो?"
जैबुनचाची पहिल्यांदाच बोलतात.
सगळं भाषांतर करायचं असा नियम आहे.
मी करते.
डॉक्टर हसतात, मग हसणं आवरून
कागदावर एक फांदी काढतात,
फांदीच्या टोकाशी एक बटाटा,
आणि मधल्या फटीत ठिपके, ठिपके, ठिपके.
ग्लुटामेट, म्हणतात.
आम्हालाही हे फार आधीपासून माहीत नव्हतं, म्हणतात.

चाचा बटाट्याकडे बघत राहतात.
खाली कुणीतरी गाडी मागे घेतंय,
तिचं पीं पीं इथवर येतं.

"मंग मी इचार कराचाच नाय काय?"

हा प्रश्न इंग्रजीत नेता येतो, चारच शब्दांत.
पण तो उचलताना मला दोन्ही हात लागले.

नाही, नाही, डॉक्टर म्हणतात,
पेन खाली ठेवतात.
तुमच्या विचारांचा दोष नाही.
झोपेतसुद्धा मेंदू बोलतच असतो,
त्याला गप्प करून गाठ गप्प होत नाही.
एक गोळी आहे, फिट येणाऱ्यांना देतात ती,
त्या कानांत बोळे घालण्याचाच तिचा धंदा.
चाचणी चालू आहे. नाव घालता येईल.
उपयोग होईलच असं वचन नाही.

वचन नाही, हे मी दोनदा सांगते.
कारण आपल्यात कुणी "बघू" म्हटलं
की माणूस "होईल" ऐकतो.
कुठला ग्राही असतो तो, कोण जाणे.
त्याच्यावर गोळी नाही.

चाचा मान डोलवतात.
मग डॉक्टरांना सोडून मलाच सांगू लागतात:
मागांच्या खात्यात कान असून नसल्यासारखे.
चारशे माग एकदम सुटले की
शेजारच्याची हाकही पोचायची नाही.
मेरी म्हणून एक बाई होती, तिनं शिकवलं,
ओठ बघायचे.
माझी अर्धी इंग्रजी अशी आली,
बिनआवाजाची.
घरी जैबुनलाही शिकवली,
पोरं झोपलेली असायची म्हणून.

"त्या गाठीला ओठ वाचता येत नाय ना?"

मी काय सांगू.
पेशीही आवाज न करताच बोलतात, चाचा,
त्या फटीतून ठिपके जातात ते मुकाट्यानंच.
हे मी सांगत नाही.
नियमात बसतं, कारण हे कुणी बोललेलंच नाही.

चाचा चाचींकडे वळतात.
ओठ हलतात. मोठं वाक्य असावं,
मध्ये एकदा भुवया वर जातात.
चाची पदरानं नाक पुसतात, म्हणतात,
"इश्श, डॉक्टरासमोर."

डॉक्टर माझ्याकडे बघतात,
वीट घ्यायला हात पुढे.
मी मान हलवते.
ऐकू नाही आलं.

मग वेळेच्या रकान्यात चाळीस मिनिटं लिहिते,
भाषा: मराठी,
आणि सही करते.